शनिवारचं पाणी

आतून कडी लागल्याचा आवाज झाला आणि ओट्यावरच्या खुर्चीत बसलेला फ्रान्सिस दचकला. दहाला दोन मिनिटं कमी होती. निर्मळ गावच्या वाडीतलं घर ते. दिवसाउजेडी तिथल्या कुठल्याच दाराला कडी लागत नाही. पुढच्या दाराने आलेला माणूस मागच्या दाराने विहिरीवर जातो आणि जाता जाता टोपावरचं झाकण उचलून कालवणात काय आहे तेही बघून घेतो. एकदा अंगात कणकण होती म्हणून त्याच्या बायकोने, रोझलीनने, दुपारी दार नुसतं लोटून घेतलं होतं, तर तासाभरात तीन शेजारणी येऊन गेल्या, काय गं, काय झालं, बरं नाही का म्हणून. आणि आज प्रीतलने, त्याच्या एकुलत्या एक मुलीने, भर सकाळी खोलीचं दार लावून घेतलं, वर कडी घातली, आणि ती त्यालाच सांगून घातली होती. "पप्पा, आता बारापर्यंत काही झालं तरी हाक मारू नका हं." नाही मारणार, बाई. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मुलगी आत होती, तो बाहेर होता, आणि मधे दार होतं.

जीआरई नावाची परीक्षा होती ती. अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठात प्रीतलला झाडांच्या रोगांवर पुढचं शिकायचं होतं तिथे ती लागत होती. आता म्हणे ती घरी बसून देता येते. प्रीतलला तर ती घरीच द्यावी लागत होती, कारण मुंबईच्या केंद्रावर मिळत होती ती तारीख अर्जाची मुदत उलटल्यानंतरची होती. कुठल्या तरी गावात बसलेला एक माणूस कॅमेऱ्यातून दोन तास तिच्यावर नजर ठेवणार होता. मघाशी त्या माणसाने तिला लॅपटॉप उचलून सगळी खोली दाखवायला लावली: भिंती, पलंगाखालची जागा, टेबल, कान. हो, कानसुद्धा. केस मागे करून दोन्ही कान दाखव म्हणाला. खोलीत दुसरं कुणी डोकावलं की परीक्षा संपली. इंटरनेट तुटलं की संपल्यातच जमा. पुन्हा द्यायची तर एकवीस दिवस थांबायचं, आणि अर्जाची मुदत बारा दिवसांवर आली होती. आजची गेली की वर्ष गेलं, इतकं ते सरळ होतं. म्हणून रोझलीन सकाळीच उमेळ्याला बहिणीकडे निघून गेली होती. "मी घरात असले की माझं तोंड असतं," असं तिचं स्वतःचंच म्हणणं. फ्रान्सिसला मागे ठेवलं होतं राखणीला. राखणदार! त्याला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दहा वाजून चार मिनिटं. साडेदहाला रेमंडची मोटर चालू होणार होती.

आता ही मोटरची भानगड. विहीर एक, वाड्या दोन: एक फ्रान्सिसची, एक त्याच्या धाकट्या भावाची, रेमंडची. बापाच्या वेळेपासून पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. सोमवार-गुरुवार याच्या, मंगळवार-शनिवार त्याच्या, वेळ साडेदहा ते साडेबारा, आणि त्यात पाच मिनिटांचाही फरक कधी पडायचा नाही. विहिरीजवळच्या खांबावर रॉकी केबलवाल्याने इंटरनेटचा डबा टांगला होता आणि त्याला वीज दिली होती मोटरच्याच बोर्डातून, का, तर तेच जवळ पडत होतं. त्यामुळे मोटरचा खटका वर केला की तो डबा एक गटांगळी खायचा आणि आळीतल्या सगळ्या घरांचं इंटरनेट पाच-सात मिनिटं बंद पडायचं. लोकांना सवय झाली होती. साडेदहाला इंटरनेट गेलं की बायका म्हणायच्या, चला, भाताला आधण ठेवा. मोबाइलचं नेटवर्क अंगणात यायचं, खोलीत यायचं नाही. तेव्हा उपाय एकच होता. रेमंडकडे जायचं आणि म्हणायचं, बाबा, तेवढा एक शनिवार मोटर लावू नकोस, त्याच्या बदल्यात माझा सोमवार घे. एवढंच. प्रीतलने तारीख घेतली त्याच दिवशी ती म्हणाली होती, "काकाला तुम्हीच सांगा पप्पा, तुमच्या तोंडूनच बरं दिसेल." तो म्हणाला होता, सांगतो. आठवड्याने तिने विचारलं, सांगितलंत? तो म्हणाला, सांगितलं. हो म्हणाला तो.

त्याने सांगितलं नव्हतं. त्यानंतर ऑक्टोबरात एकदा, रोजरीची प्रार्थना संपवून घरी येताना काळोख्या पायवाटेवर तिने पुन्हा विचारलं, काकाच्या लक्षात आहे ना? आहे, तो म्हणाला. आणि काल जेवताना तिसऱ्यांदा. "काकाशी बोलणं झालंय ना, पप्पा? नक्की?" त्याने पापडाचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "अगं, किती वेळा तेच तेच!" तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मग भात वाढून घेतला.

का नाही सांगितलं, याचं उत्तर फ्रान्सिसपाशी तयार होतं. दोन महिने तो ते स्वतःला ऐकवत होता. चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये त्याची वांग्याची रोपं माना टाकत होती. पाळी रेमंडची होती, रेमंड घरी नव्हता, तेव्हा त्याने अर्धा तास मोटर लावली. अर्धा तास! तेवढ्यात रेमंड आला, त्याने खटका खाली केला आणि पाटाच्या कडेला उभ्या असलेल्या पाच-सहा लोकांच्या देखत म्हणाला, "दादा, चोरी पान्याची असली तरी चोरीच." त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. चर्चमध्ये एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकली, आईच्या पुण्यतिथीला एकाच कबरीवर फुलं वाहिली, पण तोंडातून शब्द नाही. रोझलीन आणि रेमंडची बायको डायना बोलत होत्या, प्रीतल त्या घरात जेवूनसुद्धा यायची. पण ज्याने आपल्याला चारचौघांत पाणीचोर म्हटलं त्याच्याच दारात पाणी मागायला जायचं? नाही जमत. जीभच उचलत नाही. माणसाला काही मान असतो की नाही? हे सगळं त्याला पटत होतं. पटत होतं आणि तरी रात्री झोप लागत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

दहा वाजून सोळा मिनिटं. आत आता ती निबंध लिहीत असेल. आधी निबंध, मग शब्द, मग गणितं, मग पुन्हा शब्द, पुन्हा गणितं: परीक्षेचा सगळा क्रम त्याला पाठ होता. न व्हायला काय झालं! सात महिने रोज संध्याकाळी तोच तिचे शब्द घ्यायला बसायचा. पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे, एका बाजूला इंग्रजी शब्द, मागे अर्थ. तो शब्द वाचायचा, त्याच्या पद्धतीने, आणि ती हसून लोटपोट व्हायची. "पप्पा, तो पी मुका आहे हो!" मुका असेल तर लिहिता कशाला, तो म्हणायचा. हळूहळू त्यालाच शब्द येऊ लागले. वाडीत केळीची सुकलेली पानं कापताना तो पुटपुटायचा. मुंबईच्या कॉलेजात एकतीस वर्षं प्रयोगशाळेत मदतनीस होता तो. परीक्षानळ्या धुवायच्या, द्रावणं मांडायची, मुलांच्या हातून फुटलेली काच गोळा करायची. किती मुलं त्याच्या टेबलावरून अमेरिकेला गेली! जाताना पेढे द्यायला यायची, फ्रान्सिसभाऊ, तुमच्यामुळे प्रॅक्टिकल निघालं म्हणायची. त्याला बरं वाटायचं. एकही परत आल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण ती दुसऱ्यांची मुलं होती, त्याने कशाला मोजायचं?

त्याच्याच बरोबर नोकरीला लागलेला आत्माराम आचोळ्याला राहतो. त्याचा मुलगा अमेरिकेला गेला, त्याला आता अकरा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात फ्रान्सिस त्याला भेटायला गेला होता. चहा झाला, गुडघेदुखी झाली, आणि मग आत्माराम एकदम म्हणाला, "फ्रान्सिस, दर रविवारी त्याचा फोन येतो रे. चांगला आहे पोरगा, एक रविवार चुकवत नाही. पण मला आता त्याला विचारायला काही सुचतच नाही. मी म्हणतो, बर्फ पडलं का? तो म्हणतो, पडलं. उन्हाळ्यात म्हणतो, गरम होतं का? तो म्हणतो, होतं. मग आम्ही दोघं गप्प." आणि आत्माराम हसला होता. घरी येईपर्यंत फ्रान्सिसच्या डोक्यातून ते हसणं जात नव्हतं. त्या संध्याकाळी प्रीतल अंगणात केळीचं एक पान उजेडाकडे धरून बसली होती. त्यावरचे पिवळे पट्टे बोटाने दाखवत ती म्हणाली, पप्पा, हा नुसता करपा नाही, हा वेगळाच आहे, याच्यावर इथे कुणी कामच केलेलं नाही. डोळे असे चमकत होते पोरीचे! तो म्हणाला, मग तू कर. म्हणाला खरा. तोंडातून निघून गेलं. त्याच्या पुढच्याच आठवड्यात तिने परीक्षेची तारीख घेतली.

साडेदहा झाले. फ्रान्सिसने खुर्चीचे हात घट्ट धरले. मान किंचित विहिरीच्या बाजूला वळली. आता खटका, मग ती घरघर, मग पाटातून पाणी सुटल्याचा आवाज. कडेच्या तगरीवर मधमाश्या गुणगुणत होत्या, दूर कुणाची तरी स्कूटर चढावर कण्हत होती. मोटरचा आवाज नाही. दहा एकतीस. घड्याळ पुढे असेल. दहा चौतीस. रेमंड म्हणजे घड्याळाच्या काट्यावर चालणारा माणूस. सख्ख्या भावाला अर्ध्या तासासाठी चोर म्हणणारा माणूस चार मिनिटं उशीर करेल? दहा अडतीस. फ्रान्सिस उठला, पुन्हा बसला. आजारी पडला की काय? काल तर चांगला धडधाकट दिसला होता, खांद्यावर केळीचा लोंगर घेऊन चालला होता. चार वर्षं एक शनिवार चुकवला नाही आणि आजच काय धाड भरली याला? लाव की मोटर! लाव!

आणि हे मनातल्या मनात ओरडल्यावर तो एकदम गार झाला. कारण ते त्याने स्पष्ट ऐकलं. लाव की मोटर. मानाचा प्रश्न असता तर मोटर लागत नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. न मागता काम झालं, देवाचे आभार, असं वाटायला हवं होतं. तसं वाटत नव्हतं. त्याला राग येत होता, कुणी त्याची ठरलेली गोष्ट अडवून धरल्यासारखा. म्हणजे दोन महिने त्याने रेमंडला सांगितलं नाही ते मानासाठी नव्हे. ती मोटर लागावी म्हणून. खांबावरचा तो डबा बंद पडावा, कॅमेऱ्यातला माणूस निघून जावा, वर्ष जावं, आणि वर्षात काय काय होतं माणसाचं, एखादी नोकरी लागते, एखादं स्थळ येतं, मन बदलतं. दोष रेमंडवर जाईल, आणि बाप तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणेल, जाऊ दे गं. असं सगळं त्याच्यात कुठे तरी तळाशी बसलेलं होतं, आणि वरून तो रोज संध्याकाळी शब्द घेत होता! शी! त्याला स्वतःचीच किळस आली. मग त्याच्या लक्षात आलं की किळस आली तरी तो उठून उभा राहिला आहे, चपला घातल्या आहेत आणि पाय विहिरीच्या वाटेला लागले आहेत.

बघून तर येऊ, तो मनाशी म्हणत होता. फ्यूज गेला असेल. रेमंडला बरं नसेल, सख्खा भाऊ आहे शेवटी. वाट वीस-पंचवीस पावलांची. डावीकडे बावखलाच्या तळ्याचं हिरवं साचलेलं पाणी, उजवीकडे त्याच्याच वेलची केळी, आणि पुढे विहिरीला टेकून मोटरची ती पत्र्याची खोली. तिचं दार नेहमी उघडं असतं, आणि आत शिरल्या शिरल्या हाताशी खटका. हात आपसूक त्याच्यावर जाईल इतका जवळ. आपण तिथे जाऊन नक्की काय करणार आहोत, हे फ्रान्सिसने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर पाय थांबले असते. नोव्हेंबरातलं कोवळं ऊन होतं, तरी मानेवरून घाम ओघळत होता, आणि दहा वाजून त्रेचाळीस मिनिटं झाली आहेत एवढंच त्याला कळत होतं.

खोलीच्या दारात फळांचं एक खोकं उलटं ठेवून रेमंड बसला होता. पाठीमागे बोर्ड, पुढे पसरलेले पाय, शेजारी दोन बादल्या. अर्धी चड्डी गुडघ्यापर्यंत ओली. त्याच्या मिरचीच्या रोपांच्या चार ओळी भिजलेल्या होत्या आणि पुढच्या सगळ्या कोरड्या. म्हणजे हा गडी, साठीला टेकलेला माणूस, विहिरीतून रहाटाने बादलीबादलीने पाणी काढून रोपं भिजवत होता. मोटर उशाशी असताना.

फ्रान्सिस थांबला. रेमंडने मान वर केली. भावाला बघून त्याला नवल वाटलं नाही, आणि हेच फ्रान्सिसला भयंकर वाटलं.

"आलास?" रेमंड म्हणाला. चार वर्षांतला पहिला शब्द.

"मी नुसता बघायला आलो," फ्रान्सिस म्हणाला. "मोटर लागली नाही म्हणून."

"नाय लावणार आज. पोरीची परीक्षा हाय ना."

"तुला कुणी सांगितलं?"

"प्रीतलनेच. सप्टेंबरात आली होती केक घेऊन. म्हणाली, काका, थँक्यू, तू शनिवार सोडलास म्हणून. मी म्हटलं, कसला शनिवार? दादा तर मला पाऊस आला म्हणूनसुद्धा सांगत नाय. तर गप्पच झाली. डायनाने चहा दिला तो पण नाय प्यायली." रेमंडने बादली बाजूला सरकवली. "मग म्हणाली, काका, पप्पांना यातलं काय बोलू नको. मोटर लावू नको. आणि त्या दिवशी इथे बसून राहा."

"बसून कशाला?"

"म्हणाली, पप्पा येतील."

फ्रान्सिसने विहिरीचा कठडा धरला. सप्टेंबरात. म्हणजे रोजरीच्या वाटेवर तिने विचारलं तेव्हा तिला माहीत होतं. काल जेवताना विचारलं तेव्हाही माहीत होतं, भात वाढून घेत होती तेव्हाही. आणि मधल्याच एका संध्याकाळी एक शब्द निघाला होता, प्रिव्हॅरिकेट, त्याने विचारलं अर्थ काय, ती म्हणाली, "खरं टाळत राहायचं, पप्पा," आणि तो म्हणाला होता, "शाब्बास! पुढचा." शाब्बास म्हणाला होता तो! त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, मी तसा माणूस नाही, मी हात लावला नसता. पण रेमंड दारात बसला नसता तर काय झालं असतं, हे या क्षणी जगात फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि त्यालाही नीटसं नव्हतं.

"बस," रेमंड हळू आवाजात म्हणाला. "आणि बोलू नको मोठ्याने. खिडकी तिकडेच हाय तिची."

फ्रान्सिस बसला नाही. त्याने दुसरी बादली उचलली, विहिरीत सोडली आणि ओढू लागला. खांदा कुरकुरला. पहिली बादली त्याने रेमंडच्या रोपांच्या पाचव्या ओळीत ओतली, मग दुसरी, मग तिसरी. रेमंड उठला, खोलीचं दार ओढून घेतलं आणि त्याच्या मागोमाग बादली घेऊन लागला. पाणी ओतताना रोपं आडवी पडू नयेत म्हणून दोघेही डावा तळहात बुडाशी धरत होते; बापाने शिकवलेलं होतं ते. अकरा झाले, साडेअकरा झाले. मधे एकदा दम लागून तो वाकून उभा राहिला तेव्हा रेमंड म्हणाला, "सावकाश, दादा." तेवढंच. फ्रान्सिसला आतमध्ये शांत वगैरे काही वाटत नव्हतं. उलट प्रत्येक फेरीला ते जास्तच घुसळत होतं: तिला आपण कळलो होतो, आपल्याआधी कळलो होतो, आणि तरी ती रोज पुठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन समोर येऊन बसत होती. कशी बसत होती?

सव्वाबाराला प्रीतल वाटेवर आली. अनवाणीच. केस अजून कानांमागे घट्ट बांधलेले, चेहरा उतरलेला, बोटांना पांढऱ्या पाटीवरच्या पेनाची निळी शाई. चिखलाने भरलेल्या दोघांकडे तिने आळीपाळीने पाहिलं. मग रेमंडकडे बघून म्हणाली, "झाली, काका. एकदाही अडली नाही."

"किती पडले?" रेमंडने विचारलं. "लगेच दाखवतात म्हणाली होतीस."

"तीनशे सव्वीस. पुरतात. जास्तच आहेत."

"पुरतात म्हणजे गेलीस तू!" रेमंड मोठ्याने हसला आणि लगेच भावाकडे बघून त्याने हसू आवरलं.

फ्रान्सिसने बादली खाली ठेवली. हात चड्डीला पुसले. "मी काकाला सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग मला पुन्हा पुन्हा का विचारत होतीस?"

प्रीतल एका आडव्या पडलेल्या रोपापाशी वाकली, त्याला बोटांनी उभं केलं, बुडाशी माती दाबली. "मला वाटायचं, एकदा तरी म्हणाल, 'नाही सांगितलं. नको जाऊस.'" तिचा आवाज रागाचा नव्हता; असता तर बरं झालं असतं. "एकदा जरी म्हणाला असतात ना पप्पा, तर मी राहिले असते. मुंबईतच काही तरी केलं असतं. खरंच राहिले असते."

रेमंड तोंड फिरवून पाटाकडे बघू लागला. 'नको जाऊस' हे दोन शब्द आता फ्रान्सिसच्या अगदी जिभेवर आले होते, सात महिने कुठे दडून बसले होते कोण जाणे, एवढे सोपे, एवढे छोटे.

"आणि आत्ता म्हटलं तर?"

"आता नका म्हणू," प्रीतल म्हणाली, आणि त्याच्या पायाशी ठेवलेली बादली उचलून विहिरीकडे गेली.